करड्या कापडावरची फुली

आमच्या घरात रविवारी सगळ्यांत आधी आंघोळ व्हायची ती कापडाची. मग आज्जांची, मग अण्णांची आणि उरलेल्या पाण्यात आम्हा बायकांची. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसायचे, पण आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. न्हाणीघरात चुलीवर तांब्याचा मोठा हंडा कायमचा बसवलेला होता. त्यातलं पाणी खळखळू लागलं की मी दार लावून घ्यायची, वरच्या बांबूवर ते करडं कापड सोडायची आणि अर्धा तास त्याला वाफेत राहू द्यायची. बाहेर आज्जा पंचा खांद्यावर टाकून खोकत उभे. "झालं का तुझ्या सूनबाईचं न्हाणं?" असं त्यांनी विचारायचं आणि मी "स्वल्प थांबा" म्हणायचं, हे ठरलेलं होतं.

घर पेटेतलं, म्हणजे जुन्या बेंगळूरच्या बाजारवस्तीतलं. एकामागे एक अशा तीन खोल्या, मागे न्हाणीघर आणि त्यामागे हातभर परसू. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला आणि रंगवायला म्हणून इकडे आले आणि फौज परत गेली तरी ते काही परत गेले नाहीत, असं आज्जा सांगत. खरंखोटं देव जाणे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती पुण्याच्या माणसाला ऐकवली तर त्याला निम्मी कळली नसती. गल्लीत दोन्ही बाजूंना विणकरांची घरं होती आणि मागांची खटखट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायची. ती बंद पडली की कोणीतरी वारलं असणार किंवा सण असणार, असं समजायचं. अजूनही मला फार शांत जागी बसलं की कोण गेलं असा विचार आधी येतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. आठवड्याचे सहा दिवस एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचे आणि रविवारी घरात फोटो. मधल्या खोलीच्या छपरात त्यांनी चार कौलं काढून काचेची कौलं बसवली होती, तोच आमचा दिवा. लाकडी कॅमेरा तीन पायांवर उभा असे आणि त्यावर काळं फडकं. बाजारात चांगले मोठे स्टुडिओ होते, पडद्यावर राजवाडे आणि कारंजी रंगवलेली. पण आपल्या लोकांना लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा असला की ते आमच्याकडे यायचे. तिकडे परका माणूस हनुवटीला हात लावून मान वळवतो, ही तक्रार. अण्णा कोणाला हात लावत नसत. ते फडक्यातून सांगायचे, "हनुवटी एक बोट खाली," आणि आई जाऊन ते बोटभर करून यायची. पदर, निऱ्या, कपाळावर आलेली बट, सगळं आईच्या हातचं. माझ्याकडे होतं फक्त मुलीच्या मागचं कापड.

ते कापड आज्जांनी रंगवलेलं. मांजरपाटाचे तीन पन्हे जोडून, जुन्या खिळ्यांचं गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस कुजवलेलं काळं पाणी आणि हिरड्याचा काढा, एवढ्याच सामानात त्यांनी तो रंग आणला होता. राखेला स्वल्प निळी छटा असावी, तसा. पांढऱ्या कापडापुढे आपली माणसं फोटोत फार काळी येतात आणि काळ्या कापडात केस बुडून जातात, म्हणून करडं. हे अण्णांनी आज्जांना महिनाभर समजावून सांगितलं होतं, कारण आज्जांच्या मते लग्नाच्या मुलीमागे करडं म्हणजे अगदीच अशुभ. शेवटी त्यांनी रंगवलं, पण एका कोपऱ्यात हळदीचं बोट लावलं. तो कोपरा खाली जमिनीवर यायचा, त्यामुळे फोटोत कधी आला नाही.

आधी हे कापड आई सांभाळायची. म्हणजे रविवारी संध्याकाळी ती लुगड्यासारखी त्याची नीट चौघडी करायची आणि ट्रंकेखाली दाबून ठेवायची. तिच्या दृष्टीने ते जपणंच होतं. पण दर आठवड्याला एकाच जागी घडी पडून तिथला रंग विरला आणि एक उभी, एक आडवी अशा दोन फिकट रेघा उमटल्या. त्या जिथे एकमेकींना कापत तिथे सरळ फुली दिसायची आणि ती नेमकी बसलेल्या माणसाच्या डाव्या खांद्यामागे यायची. अण्णा माणसाला पुढे ओढून बसवायचे म्हणजे मागचं कापड धूसर येईल, पण खोली बारा फुटांची. माणूस पुढे घ्यावा तर कॅमेरा स्वयंपाकघरात जायचा. तो तसा एकदा गेलाही होता आणि आईच्या फोडणीत अण्णांना शिंका येऊन एका वकिलांच्या फोटोच्या दोन काचा वाया गेल्या. तेव्हापासून फुलीला सगळ्यांनी घरातली एक व्यक्ती म्हणून मान्य केलं होतं.

मी केलं नाही. मी अकरा वर्षांची होते, शाळेत बेताची आणि हट्टी. इस्त्रीने ती जाते का पाहिलं, जात नव्हती, कारण ती चुणी नव्हतीच, रंगच गेला होता. मग मी आज्जांच्या मागे लागले. दोन उन्हाळी सुट्यांइतकी भुणभुण मी एका सुट्टीत केली असेन. शेवटी आम्ही दोघांनी परसात अख्खं कापड धुऊन, खळ काढून, पुन्हा काढ्यात आणि काळ्या पाण्यात बुडवलं. वाळल्यावर आज्जांनी ते उजेडात धरलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "गेली." मला आयुष्यात पुढे दोन मुलगे झाले, एक नोकरी टिकली, एक घर झालं, पण ते 'गेली' ऐकून जे वाटलं ते वेगळंच होतं.

त्या दिवशी कापड माझं झालं. ते घडी घालायचं नाही, गुंडाळायचं, हा पहिला नियम मी केला. शेजारच्या विणकराने मागाचा एक जुना लाटा, विणलेलं कापड गुंडाळायचा लाकडी दांडा, दिला, त्यावर रंगाची बाजू आत ठेवून गुंडाळायचं आणि वर जुनं धोतर. शनिवारी दुपारी पाण्याचा हबका मारून पुन्हा गुंडाळायचं, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. सकाळी वाफ. मग उलट्या बाजूने इस्त्री. इस्त्री कोळशाची, पण मी आत करवंटीचेच निखारे घालायची, कारण साध्या कोळशाची राख उडते आणि करड्यावर पांढरा ठिपका फोटोत देवीच्या वणासारखा दिसतो. खळ अगदी पातळ, भाताच्या पेजेची. यावरून आज्जांची आणि माझी दर शनिवारी ठिणगी पडायची, कारण त्यांना ती पेज मीठ आणि लिंबाचं लोणचं घालून प्यायची असायची. "कापडानं ढेकर दिला का गं?" असं ते रिकामा पेला पालथा घालून विचारायचे. खळ जास्त झाली तर झुरळं येतात, कमी झाली तर कापड मान टाकतं. शेवटी वर लाकडी दांडी, खाली शिवलेल्या नेफ्यात लोखंडी गज आणि दोन्ही कडांना सुतळीचे सहा सहा फास भिंतीतल्या खिळ्यांना. एवढं केलं की बोट फिरवलं तरी काही लागत नसे.

माझी नात हेब्बाळला राहते, तलावाच्या बाजूच्या उंच इमारतीत. घरी बसून ती कुठल्या कुठल्या वस्तूंचे फोटो काढून विकते. परवा तिने मागचा पडदा म्हणून एक कापड मागवलं, ते पाकिटात आठ घड्या होऊन आलं. "अज्जी, राहू दे गं, घड्यांच्या रेघा मागाहून फोनमध्येच पुसता येतात," म्हणाली. ती बाहेर गेल्यावर मी तिच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून कापड टांगलं आणि दार लावून बाहेर खुर्ची टाकून बसले.

तर कापडाची ही सगळी विद्या मी चौदा वर्षांची होईपर्यंत पाठ झाली होती आणि तिचा मला फार माज होता. कोणाच्याही घरी गेले की भिंतीवरचे फोटो पाहायचे आणि मनात म्हणायचे, हा आईच्या वेळचा, हा माझ्या वेळचा. फुली असली तर आधीचा, नसली तर नंतरचा. अण्णा कधीकधी गंमत म्हणून दोन फोटो पुढे करायचे आणि मी पाहताक्षणी सांगायची. ते मान हलवायचे. बाकीच्यांना ती फुली दिसतसुद्धा नसे. लोक फोटोत तोंड बघतात.

समोरच्या घरात सरस्वती राहायची, आम्ही तिला सरसक्का म्हणायचो. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. कापडाच्या खालचा गजाचा नेफा तिनेच शिवून दिलेला. तिचा टाका इतका बारीक आणि सारखा की मागाहून उसवायची वेळ आली तेव्हा मला तो सापडेना. तिचे वडील नव्हते. आई होती, गंगूमावशी, आणि घरात त्या दोघीच. सरसक्काचा स्थळांना पाठवायचा फोटो अण्णांनी काढला होता तो ती एकोणीस वर्षांची असताना. भरगच्च वेणी पुढे घेतलेली, गाल भरलेले, आणि डाव्या खांद्यामागे आमची फुली. त्यानंतर तिला विषमज्वर झाला, केस गेले ते पुन्हा तसे आलेच नाहीत, वडील वारले, आणि स्थळं बघायचं राहून गेलं. पुन्हा बघायला लागले तेव्हा ती बावीसची होती. गंगूमावशी येऊन अण्णांना म्हणायच्या, "त्याच काचेवरनं अजून एक छापून द्या की." अण्णा छापून द्यायचे. मागे गंगूमावशी जांभळ्या शाईने नाव, गोत्र आणि वय लिहायच्या. वय दर वेळी एकोणीस. फोटो जायचा आणि काही आठवड्यांनी पत्रिकेबरोबर परत यायचा. असं तीन वेळा झालं होतं.

चौथ्या वेळी फोटो परत आला नाही. हुबळीचं स्थळ होतं, मुलगा हायस्कुलात गणित शिकवायचा. तो मामांबरोबर येऊन सरसक्काला पाहून गेला. मग त्याचं पत्र आलं. त्यात त्याने लिहिलं होतं की तिकडच्या मुलींच्या शाळेला शिवणाच्या बाई हव्या आहेत आणि लग्नानंतर तिने काम सोडावं असं त्याला वाटत नाही. सरसक्काने ते पत्र मला वाचून दाखवलं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून दाखवलं. "त्यांनी विचारलंसुद्धा नाही, आपणहून लिहिलंय," ती म्हणाली. शाळेतल्या मुलींच्या वह्यांत लावायच्या शिवणाच्या नमुन्यांचा एक गठ्ठा ती हुबळीला न्यायला म्हणून वेगळा ठेवत होती, बटणपट्टी, काज, खिसा, सगळे छोटे छोटे. आता फक्त मुलाची आई येऊन सुपारी फोडायची बाकी होती.

ती ज्या रविवारी यायची होती त्या सकाळी आमच्याकडे एक बाई आणि एक मुलगी आली. बाई उंच, काठापदराचं हिरवं लुगडं, बोलणं मोजकं. मुलगी माझ्याच वयाची. आपण हुबळीच्या आणि दुपारी समोरच्या घरी जायचंय, हे त्या बाईंनी आल्याआल्याच सांगितलं. मुलीचा फोटो काढून घ्यायचा होता. पिशवीतून त्यांनी सरसक्काचा फोटो काढला, मागे आमचा शिक्का होता, त्यावरूनच त्या शोधत आल्या होत्या. आई चहा ठेवायला आत गेली. अण्णा फडक्यात डोकं घालून काच लावत होते. मी गजाची टोकं सारखी करत होते.

"ह्याच्यासारखा काढून द्या बघा," बाई म्हणाल्या. "असाच यायला पाहिजे."

मी फोटो हातात घेतला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सरसक्का दिसलीच नाही, फुली दिसली. आणि माझ्या कापडाची तुलना या कापडाशी होतेय, याचा राग आला.

"असा नाही येणार," मी म्हणाले. "ह्याच्याहून चांगला येईल. हे बघा, इथं खांद्यामागं फुली आहे ना? हे जुनं. आता कापड असं नाही."

"कुठं? हो की." त्यांनी फोटो उजेडात धरला. "मग ती कशानं गेली?"

"मी आणि आज्जांनी काढली. पुन्हा रंगवलं."

"हुशार आहेस. कधी ते?"

"तीन वर्षं झाली की. तेव्हापासून एका पण फोटोत नाही."

अण्णा फडक्यातून बाहेर आले. त्यांचे केस विस्कटले होते. "मालू, आत जा. पाणी आण," ते म्हणाले. एवढ्या हळू ते कधी बोलत नसत. मी तिथेच उभी राहिले, कारण पाण्याचा तांब्या तर कोपऱ्यात भरलेला होता. बाईंनी फोटो उलटा केला. मागचं जांभळं अक्षर वाचलं, ओठ हलवत, अगदी सावकाश. मग पुन्हा सुलटा केला, पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"सरी," त्या म्हणाल्या, 'बरं' म्हणावं तसं. आणि मुलीकडे वळून, "बस गं. नीट बस."

अण्णांनी फोटो काढला. आईने हनुवटी बोटभर खाली केली, मुलगी हसली नाही. तो फोटो मी पुढे पाहिला, कापडावर एक रेघ नव्हती. माझ्या हातून त्याच्याइतकं सपाट कापड क्वचितच लागलं असेल.

दुपारी त्या समोर गेल्या. गंगूमावशींनी चित्रान्न, आंबोडे, शेवयाची खीर असा सगळा बेत केला होता आणि डाळीच्या आंबोड्यांचा वास आमच्या घरापर्यंत येत होता. त्यांनी जेवण नीट केलं, खीर मागून घेतली, सरसक्काला कुंकू लावलं आणि 'पत्राने कळवतो' म्हणून उठल्या. सुपारी ताटात तशीच राहिली. आठवड्याने पत्र आलं की पत्रिका पुन्हा एका जाणत्याला दाखवली, ग्रह जुळत नाहीत. फोटोचा त्यात उल्लेख नव्हता.

माझ्या त्या 'तीन वर्षं'वरून बाईंनी खरं वय ताडलं होतं, हे मला कळलं ते अण्णांच्या तोंडून. ते मला ओरडले नाहीत. ते बोटांवरची शाई पुसत राहिले आणि म्हणाले, "आपल्याला काचेवर पुष्कळ दिसतं. दिसलं म्हणून सांगत सुटायचं नसतं." मग थोड्या वेळाने, "पण तसा तो छापून देणारा मीच आहे." आई म्हणाली, ज्याने त्याने आपापलं वय सांगावं, आपण का बोलावं. तिचं म्हणणं बरोबर की अण्णांचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. तीन दिवस मी समोरच्या घराकडे फिरकले नाही. माझ्यामुळे झालं, हे समोर कोणालाच माहीत नव्हतं. गंगूमावशी तर आईजवळ बसून ग्रहांना शिव्या देत होत्या आणि आई पोह्यांतले खडे निवडत होती.

चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी समोर गेले. सरसक्का शिवणयंत्रावर बसली होती. गंगूमावशी देवळात गेल्या होत्या. मी दारात उभं राहून एका दमात सगळं सांगितलं, फुली, पुन्हा रंगवणं, तीन वर्षं, पिशवी. तिने पाय थांबवला, पण चाकावरचा हात काढला नाही.

"कसली फुली?"

तिच्याकडे त्या फोटोची एक प्रत होती, देवघराच्या फळीवर. ती घेऊन ती खिडकीपाशी गेली. मी बोट ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"इतक्या वेळा बघितला मी," ती म्हणाली. "मला माझी वेणीच दिसायची."

मी विचारलं, "अक्का, मी बोलले नसते तर झालं असतं का लग्न?"

मला काय ऐकायचं होतं ते मला आज नीट ठाऊक आहे. नाही गं, ते लोकच तसले, असं काहीतरी. सरसक्का खोटं बोलत नसे. मागच्या बाजूचं ते जांभळं खोटं तिच्या आईचं होतं आणि तिने ते चालू दिलं होतं, इतकंच. ती परत यंत्रावर येऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"झालं असतं की," ती म्हणाली. "चांगलं झालं असतं. माणूस बरा होता."

मी रडायला लागले. तिने दोरा ओवला, टोक दातांनी तोडलं आणि म्हणाली, "रडायचं तर तिकडं बस मालू. हे कापड दुसऱ्याचं आहे, डाग पडेल." मी तिकडे बसले. तिने एक अख्खं पोलकं शिवून संपवलं तोवर मी बसून होते. मग ती म्हणाली, "येत्या रविवारी मला फोटो काढायचाय. आत्ताचा. अण्णांना सांग."

त्या शनिवारी मी कापडाला दोनदा हबका मारला. आज्जांनी पेजेचा पेला आपणहून माझ्याकडे सरकवला. रविवारी सरसक्का आली ती नेहमीच्या निळ्या सुती पातळात, केसांत गंगावन न घालता, आहे तेवढ्या केसांचा छोटासा अंबाडा बांधून. गंगूमावशी आल्या नाहीत. आईने खांद्यावरचा पदर सारखा केला, पण हनुवटीला हात लावायची वेळ आली नाही, सरसक्काने ती हवी तिथे ठेवली होती. प्रत हातात आल्यावर तिने आमच्याच मेजावर बसून मागे स्वतः लिहिलं: नाव, गोत्र, वय बावीस पूर्ण. आणि पाकिटावर मुलाच्या घरचा नव्हे, हायस्कुलाचा पत्ता घातला. एका मुलीने मुलाला स्वतः फोटो पाठवायचा, हे आमच्या गल्लीत तोवर कोणी केलं नव्हतं. पोस्टात मी तिच्याबरोबर गेले होते.

उत्तर आलं, यायला वेळ लागला. जाडसर पाकीट, आत दोन्ही फोटो आणि दोन ओळी. तुमच्याबद्दल आदर आहे, आईचं मन वळवू शकलो नाही. सरसक्काने नवा फोटो आपल्या फळीवर लावला, जुना माझ्या हातात दिला. "हा तू ठेव," ती म्हणाली. "तुझ्या इस्त्रीच्या आधीचा आहे." त्यात टोमणा होता की नाही, ते मी आज ऐंशीच्या घरात आले तरी सांगू शकत नाही. नमुन्यांचा तो गठ्ठा तिने सोडला आणि इथल्याच मुलींना वाटला.

तिने लग्न केलं नाही. स्थळं आली, दोन बिजवरांची, तिने नको म्हटलं. आमचं येणंजाणं थांबलं नाही, पण जरा मोजून झालं. मी नेफा उसवला तर तिच्याकडे नेत नव्हते, स्वतः शिवायची, वाकडातिकडा. आणि फोटोंतल्या फुल्या ओळखायचा खेळ मी बंद केला. कोणाच्या घरी गेले की भिंतीकडे पाठ करून बसायची. अण्णांनी जुन्या काचेवरून लग्नाचे फोटो छापून देणं सोडलं. वर्ष लोटलं की नवा काढा म्हणायचे. काही लोक त्यावरून रागावून बाजारातल्या स्टुडिओकडे गेले, अण्णांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही.

मी एकोणीसची झाले तेव्हा माझाच फोटो काढायची वेळ आली. शनिवारी दुपारी मी सवयीने कापडाला हबका मारायला बसले तर सरसक्का दारात. हातात तिची स्वतःची इस्त्री. "तू ऊठ," ती म्हणाली. "उद्या तुला पुढं बसायचंय. पुढं बसणाऱ्यानं मागचं बघू नये." मी उठले. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच आली. हंड्याखाली जाळ केला, वाफ दिली, इस्त्री केली, गज घातला, सुतळ्या बांधल्या. मी नवं पातळ नेसून खुर्चीवर बसले आणि मागे तिचे हात फिरत होते, त्याचा वारा मानेला लागत होता. मला कळत होतं की उजवीकडचा खालून तिसरा फास ढिला राहिलाय. कापडाच्या आवाजावरून कळतं ते. जीभ टाळूला लावून बसले. अण्णांनीही फडक्यातून पाहिलं असणारच, त्यांना दिसलं नाही असं होणं शक्य नाही. ते म्हणाले, "सरी, तयार."

त्या फोटोत माझ्या कोपराच्या मागे एक तिरपी चुणी आहे, वीतभर लांब. नात परवा तो फोटो फोनवर घेऊन बसली होती आणि म्हणाली, अज्जी, ही रेघ काढून टाकू का, एका बोटाचं काम आहे. मी तिच्या हातून फोन घेतला. म्हटलं, ती राहू दे. सरसक्काने लावलेलं कापड आहे ते.